राणीआक्काचा लिलाव

लिलाववाल्या साहेबांनो, चूक तुमची आहे. हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही सुबरावांना हसाल आणि आपण त्या गावचेच नव्हे अशा थाटात पान उलटाल. सुबराव वडगावहून तुमच्या दारात आले तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे सात कागद मागितलेत. आधार कार्ड, पॅन कार्ड, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, लाईट बिल, दोन फोटो, आणि आपण तेच सुबराव आहोत असं स्टँप पेपरवर लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र. सुबराव हे सुबरावच आहेत याबद्दल वडगावात चोपन्न वर्षांत कुणाला शंका आली नव्हती. ती तुम्हाला आली. ठीक. पण जो रुपया ते विकायला घेऊन आलते, तो रुपया त्यांचा आहे काय, हे विचारणारा आठवा कागद तुम्ही मागितला नाहीत. मागितला असतात तर ही गोष्ट तुमच्या काउंटरवरच संपली असती.

कारण रुपया सुबरावांचा नव्हता.

तो गल्लीचा होता. बेळगावच्या वडगावात विणकरांची एक गल्ली आहे, जिथं घराच्या पुढच्या खोलीत माणसं राहतात आणि मागच्या खोलीत माग. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्मलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्यामुळे ह्या गल्लीत गुपित असं काही टिकत नाही. नवरा-बायकोचं भांडणसुद्धा चौथ्या घरापर्यंत स्वच्छ ऐकू जातं आणि पाचव्या घरातून त्यावर मत येतं. तर ह्या गल्लीत राणीच्या छापाचा चांदीचा एक रुपया पिढ्यान् पिढ्या फिरत होता. त्याला सगळे राणीआक्का म्हणायचे. हळदीच्या दिवशी कलशात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि राणीआक्का पडल्याशिवाय गल्लीतल्या कुठल्या नवरीला हळद लागली नव्हती. आणि नियम असा, की ज्या घरात शेवटचं लग्न झालं त्या घरात राणीआक्का मुक्कामाला राहायची, पुढच्या लग्नाचं बोलावणं येईपर्यंत. मालकी कुणाची नाही. लिहिलेलं कुठं काही नाही. तरी आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

शेवटचं लग्न सुबरावांच्या आदर्शचं झालं, तीन वर्षांपूर्वी. आदर्श बायकोला घेऊन पुण्याला गेला आणि राणीआक्का सुबरावांच्या कपाटात राहिली. नंतर गल्लीत लग्नाचा दुष्काळच पडला. पोरांना मुली मिळेनात, मुलींना माग असलेलं घर नको. आता तीन वर्षं आपल्या कपाटात राहिलेली वस्तू माणसाला आपली वाटायला लागते. भाडेकरूंचंही असंच होतं. फरक एवढाच, की भाडेकरूला कोर्टात खेचता येतं.

सुबराव हायस्कुलात क्लार्क. इतरांचे दाखले बिनचूक लिहिण्यात त्यांची हयात गेली. ह्या माणसाला लिलावाची वाट दाखवली ती शेजारच्या रवळूनं. रवळूचं शेत कडोलीला, नोकरी बेळगावात, आणि सल्ला सगळीकडे. त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस जुन्या रुपयाला लाखो मिळतात असं ओरडून सांगत होता.

"सुबरावअण्णा, तुमच्या कपाटात मोटारगाडी पडून हाय बघा," रवळू म्हणाला.

"ते माझं न्हाय रं. गल्लीचं हाय."

"गल्ली काय करालीय त्याचं? चिंच लावून घासालीय. आणि मी काय इका म्हणालोय काय? नुसती किंमत काढून आणा की. किंमत काढायला काय जातंय?"

किंमत काढायला काय जातंय, ह्या एका वाक्यावर किती घरं, किती शेतं आणि किती सोयरिकी गेल्या असतील त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

सुबरावांनी बायकोलाही तेच सांगितलं, किंमत काढून आणतो. इंदुताईंनी रुपया हातात घेतला, उन्हात धरला आणि तोंड वाकडं केलं. तीन वर्षांत राणीआक्का काळी पडली होती.

"असली काळीकुट्ट घेऊन जातासा व्हय चार माणसांत? काय म्हणतील लोक?"

मुलगी दाखवायला न्यायच्या आधी जसं करतात, तसं त्यांनी केलं. चिंच, मीठ, राख आणि दात घासायचा जुना ब्रश. अर्धा तास घासून त्यांनी राणीआक्काला अशी लखलखीत केली, की राणीचं नाक जवळजवळ सपाट झालं. चेहरा मात्र प्रसन्न दिसायला लागला.

तुमच्या माणसानं तो रुपया बघितला आणि डोळे मोठे केले. म्हणाला, हे साल दुर्मीळ, आणि झळाळी तर टांकसाळीतून काल बाहेर पडल्यासारखी. एवढं ऐकल्यावर सुबरावांचं काय झालं हे सांगणं अवघड आहे. त्यांच्या आयुष्यात त्यांच्या कुठल्याच वस्तूला आजवर कुणी दुर्मीळ म्हटलं नव्हतं. सात कागद त्यांनी दोन दिवसांत गोळा केले. फॉर्म एका बाजूला कन्नडात आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत होता. सुबराव दोन्ही वाचतात. पण सही करायच्या घाईत त्यांनी दोन्ही वाचलं नाही. त्यांच्या नावापुढं लिहिलं गेलं: विक्रेता क्रमांक सत्तेचाळीस.

लिलाव टिळकवाडीकडच्या एका मंगल कार्यालयात होता. खुर्च्या लग्नाच्या, मंडपाला लावलेली फुलं आदल्या दिवशीच्या लग्नाची, आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या जागी टाय लावलेला एक माणूस हातोडी घेऊन उभा. सुबराव सवयीनं मागच्या रांगेत, जेवणाच्या हॉलच्या दाराजवळ बसले. लॉट एकशेबाराचा पुकारा झाला. पाच हजार, आठ, बारा. लोक पाट्या वर करत होते आणि सुबरावांची मान ताठ होत चालली होती. पंचवीसला त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमचाच हाय त्यो." अडतीस हजाराला हातोडी पडली.

'किंमत काढायला' आलेल्या माणसाची वस्तू विकली गेली होती. ते उठून 'थांबा' म्हणू शकले असते. पण चारशे माणसांत उठून 'थांबा' म्हणायला जे लागतं, ते हायस्कुलातल्या क्लार्ककडे नसतं. तेवढं असतं तर हेडमास्तर झाले नसते?

तुमचं कमिशन जाऊन हातात आले चौतीस हजार. त्याचा त्यांनी मरून रंगाचा सोफा घेतला आणि घरी सांगितलं, पगारातला फरक आला. राणीआक्का कुठं आहे, ह्यावर म्हणाले, "तपासायला ठेवलीय." इंदुताई सोफ्यावर बसून बघत राहिल्या. त्यांना पगारातला फरक आणि नवऱ्यातला फरक, दोन्ही कळतात.

पस्तावा आला तो आधी चुकीचाच आला. रवळू म्हणाला, "अडतीस? अण्णा, लई लवकर सोडलासा. घेणारानं एकदाबी मान हलवली न्हाय म्हणतासा, म्हणजे त्यो पन्नासपतुर गेला असता." ह्या बारा हजारांच्या दुःखात सुबरावांची दोन रात्री झोप गेली. खरा पस्तावा आठव्या दिवशी मालुबाईच्या रूपानं चालत आला.

मालुबाई गल्लीतली सगळ्यात मोठी. पंचाहत्तरी ओलांडलेली, आवाज मागावरून पलीकडे जाणारा. ती आली, सोफ्यावर बसली, दोनदा उसळून बघितलं आणि म्हणाली, "मऊ हाय की रं. सुब्या, आमच्या नातीचं, रचनाचं जमलं. पोरगा संकेश्वरचा. ह्या म्हैन्याच्या शेवटच्या सोमवारी हळद. राणीआक्काला काढून ठेव."

सुबरावांना ठसका लागला. मालुबाई त्यांची पाठ थोपटत म्हणाली, "आनंद झाला न्हवं? व्हतंय तसं."

ती गेल्यावर इंदुताईंनी दार लावलं, म्हणजे भांडण निदान तिसऱ्या घरापर्यंतच जावं. सुबरावांनी सगळं सांगून टाकलं. मग म्हणाले, "सराफाकडं तसलाच एक मिळतोय. कुणाला कळायचं न्हाय."

"मालुआक्का डोळ्यानं बघत न्हाय, अंगठ्यानं बघती. राणीच्या कानाखालची खाच कुठनं आणणार?" इंदुताई म्हणाल्या. "लोकांच्या नवरीची हळद इकून आलासा. आणि मी येडी, घासून दिली."

त्या दिवसापासून सुबराव सोफ्यावर बसले की राणीआक्काच्या मांडीवर बसल्यासारखं व्हायचं. ते जमिनीवर बसायला लागले. चौतीस हजारांच्या सोफ्याशेजारी माणूस जमिनीवर बसतो, हे बघून पाहुणेही संकोचून जमिनीवर बसायला लागले.

मग सुबराव तुमच्या ऑफिसात आले. घेणाऱ्याचं नाव द्या, मी त्याच्याकडून परत घेतो. काउंटरवरच्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "आगंगिल्ला री." होत नाही. हा शब्द सुबरावांना चांगला ओळखीचा होता. ह्या भागात राहणाऱ्या माणसाला तो आईच्या नावानंतर लगेच शिकावा लागतो. विकणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला नाही, घेणाऱ्याचं विकणाऱ्याला नाही, हा तुमचा नियम चौदा. साहेब आल्यावर विचारा, तोवर बसा. साहेब केव्हा येणार ते साहेबांनाच ठाऊक.

सुबराव बाकावर बसले. बाकावर आधीच एक गृहस्थ बसले होते. सोनेरी काडीचा चष्मा, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर तीच कळा.

"तुमचं काय काम?" गृहस्थांनी विचारलं.

"काय न्हाय. असंच. तुमचं?"

"आमचंबी असंच."

असंच म्हणून कुणी तीन तास बाकावर बसत नाही. दोघांनी मिळून चहा मागवला. मग तुमच्या नावानं बोटं मोडली. ह्या कामात दोन अनोळखी माणसं किती चटकन भाऊ होतात, ते तुम्ही काउंटरच्या आत असल्यामुळे तुम्हाला कधी दिसत नाही. गृहस्थांचं नाव राजकुमार. निपाणीला स्टँडजवळ चष्म्याचं दुकान.

"एक वस्तू गेली बघा हातातनं," सुबराव उसासा टाकून म्हणाले.

"गेली ते बरं झालं म्हणा. आमच्या हातात एक आलीया, ती जाईना. संकेश्वरच्या एका जाणकाराला दाखवली. त्यानं भिंग लावलं आणि हसला की हो. म्हणतोय, राजकुमारशेट, हे घासलंय. चिंचेचा वास अजून येतोय. रुपया न्हवं, भांडं घेतलंसा तुम्ही. जन्मभर लोकांच्या डोळ्यांला भिंगं लावलो, आणि माझ्याच डोळ्यावर झापड आली."

सुबरावांचा कप हवेत थांबला. "राणीचा रुपया?"

"व्हय."

"कानाखाली खाच?"

राजकुमारांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "लॉट एकशेबारा?"

 साहेबांनो, तुमच्या बाकावर त्या क्षणी एक असा माणूस बसला होता ज्याला रुपया परत पाहिजे होता, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून एक असा, ज्याला तो परत द्यायचा होता. शहाण्या जगात पाच मिनिटांत काम झालं असतं. पण मराठी माणसाला गरज दाखवण्यापेक्षा नुकसान परवडतं.

राजकुमार आधी सावरले. "तसा रुपया झकास हाय हं. ठेवावा म्हणतोय मी."

"ठेवा की," सुबराव म्हणाले. "मला तरी कुठं पाहिजे? आपलं सहज इचारलं."

मग एक तास दोघांनी आपल्याला गरज नसल्याचं एकमेकांना पटवलं. शेवटी गाडी आकड्यावर आली आणि तिथं रुतली. घेणाऱ्याकडचं तुमचं कमिशन आणि त्यावरचा टॅक्स धरून राजकुमारांच्या खिशातून गेले होते पंचेचाळीस हजार. सुबरावांच्या हातात आले होते चौतीस. मधले अकरा हजार तुमच्या पोटात. राजकुमार म्हणाले, मी एक रुपया कमी घेणार न्हाय. सुबराव म्हणाले, मला मिळाले न्हाईत ते मी कुठनं देऊ? दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर भांडण मिटेना.

पुढं सुबराव सोफा परत करायला गेले. दुकानदार म्हणाला, वापरलेला दिसतो. जमिनीवर बसून बसून गुडघे धरलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. मग सोसायटीतून कर्ज मिळतं काय बघितलं. तिथं पुन्हा सात कागद. शेवटी रजा टाकून ते निपाणीला गेले. राजकुमारांनी दुकानात बसवलं आणि बोलता बोलता समोरची पाटी वाचायला लावली.

"तिसरी ओळ वाचा."

"ते राहू दे, अडतीसला देतासा काय?"

"आधी वाचा तर. ...तुम्हाला दिसत न्हाय हो सुबराव."

तासाभरानं सुबराव एसटीत बसले तेव्हा त्यांच्याकडे रुपया नव्हता, नाकावर अठराशे रुपयांचा चष्मा होता. मात्र उतरताना पायरी पहिल्यांदाच स्पष्ट दिसली.

हळदीच्या आदल्या दिवशी राजकुमारांचा फोन आला. त्यांच्या डोक्यात नवीन किडा शिरला होता. "सुबराव, घासलेल्या रुपयाला भाव न्हाय, पण इतिहास असलेल्या रुपयाला हाय म्हणं. उद्या मी घेऊन येतो. कलशात घाला, पूजा करा, मी फोटो काढतो. त्या म्हातारबाईंचा अंगठा कागदावर घेतो, की पिढ्यान् पिढ्या हाच रुपया. मग परत घेऊन जातो. तुमची अब्रू ऱ्हाती, माझा भाव वाढतो. पैसा कुणाचाच जात न्हाय."

सुबरावांना हे इतकं पटलं, की ते त्या दिवशी प्रथमच सोफ्यावर बसले.

सोमवारी गल्लीतले सगळे माग बंद होते. हळदीच्या दिवशी तेवढी गल्ली शांत असते; सुई पडली तरी ऐकू यावी. राजकुमार पांढरे हातमोजे घालून आले, पाहुणे म्हणून. प्लॅस्टिकच्या गोल डबीत राणीआक्का. सुबरावांनी ती डबी मालुबाईकडे दिली. मालुबाईनं डबी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडली, रुपया काढला, कानाखाली अंगठा फिरवला आणि समाधानानं मान हलवली. मग म्हणाली, "हडकुळी झालीया. डब्यात कोंडून ठेवत्यात व्हय रं?" आणि वाटीतला चिंचेचा कोळ घेऊन घासायला बसली.

"अहो अहो बाई!" राजकुमार हातमोज्यांसकट धावले. "अंगावर वळ उठतील त्याच्या!"

"हे कोण?" मालुबाईनं विचारलं.

"चष्मेवाले हाईत," सुबराव म्हणाले.

राणीआक्का कलशात पडली. रचनाला हळद लागली. बायकांनी एकेक करून कलशाला हात लावून कपाळाला लावला. राजकुमार फोटो काढत होते. तिसऱ्या-चौथ्या फोटोनंतर त्यांचा मोबाईल खाली आला आणि ते नुसते बघत राहिले. मग भानावर येऊन त्यांनी हात पुढं केला. "बाई, माझा रुपया."

"तुमचा?" मालुबाईनं कलश मांडीत ओढला. "शेवटचं लगीन ज्या घरात, रुपया त्या घरात. आता आमच्यात ऱ्हाणार. तुमचा कसा?"

राजकुमारांनी खिशातून पावती काढली. मालुबाईला वाचता येत नाही. तिनं कागद सुबरावांच्या हातात दिला. "वाच रं सुब्या. चष्मा लागलाय की आता तुला."

सगळी गल्ली गोळा झाली होती. माग बंद होते. चष्मा चांगला होता. सुबरावांनी वाचलं: लॉट एकशेबारा, राणीछाप चांदीचा रुपया, खरेदीदार राजकुमार, निपाणी. विक्रेता क्रमांक सत्तेचाळीस.

नाव नव्हतं. तुमच्या नियम चौदानं सुबरावांना वाचवलं होतं. तीन वर्षांत राणीआक्काला कपाटातून कुणी चोरून नेलं असतं तर? सत्तेचाळीस कुणीही असू शकला असता. "कोण ह्यो सत्तेचाळीस?" मालुबाईनं विचारलं. सुबराव कागदाकडे बघत राहिले. रवळू आभाळाकडे बघत राहिला.

"सत्तेचाळीस नंबर माझ्याच घरात जेवतोय," इंदुताई म्हणाल्या. त्या हळू बोलल्या, पण ह्या गल्लीत हळू बोलण्याची सोय नाही. "आणि घासून मीच दिलते. मलाबी लिवा त्यात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सुबराव अजून म्हणतात. ते चष्मा काढून पुसत होते. त्यांना त्या घटकेला काही स्पष्ट दिसायला नको होतं. मालुबाईनं कलशावरचा हात न काढता विचारलं.

"इकून काय घेतलास?"

"सोफा."

"त्यो मऊ?"

"व्हय आक्का."

"आण इकडं. नवरा-नवरीला बसायला हुईल."

चौघांनी सोफा उचलून मांडवात आणला आणि तो परत गेला नाही. गल्लीच्या रुपयातून झालेला सोफा गल्लीचा. शेवटचं लगीन ज्या घरात, सोफा त्या घरात. सुबराव आजही जमिनीवर बसतात, पण आता पाहुण्यांना त्याचं कारण सांगावं लागत नाही. ते दरमहा दोन हजार रुपये निपाणीला पाठवतात, चौतीस हजार फिटेपर्यंत; वरच्या अकरा हजारांवर राजकुमारांनी पाणी सोडलं. मालुबाईनं राजकुमारांनाही जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही आणि जाताना विचारलं, "घरात कोण लग्नाचं हाय काय?" त्यांचा मुलगा विक्रम एकतीस वर्षांचा आहे. "मग जमवा की. हळदीला राणीआक्का धाडतो. सोफाबी." राजकुमार त्या दिवसापासून मुली बघतायत. रुपयासाठी की मुलासाठी, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.

सगळं मिटलं होतं, साहेबांनो. आणि परवा तुमची नोटीस आली. दोन सभासदांनी लॉट एकशेबाराचा परस्पर व्यवहार केल्याचं समजतं, तरी दोन्हीकडचं कमिशन पुन्हा भरावं. सोबत सात कागद जोडावेत.

तर आता तुम्हीच सांगा. जो रुपया विकणाऱ्याचा नव्हता आणि घेणाऱ्याचा झाला नाही, त्यात तुम्ही नेमकं विकलंत काय? आणि ते अकरा हजार कशाचे घेतलेत? दोघं पस्तावले, तिसरा मध्ये बसून पोट भरून गेला. त्याला पस्तावा कधी येतो? उत्तर लेखी द्या. कन्नडात द्या, इंग्रजीत द्या, चालेल. पत्ता: मालुबाई, विणकर गल्ली, वडगाव. ती सगळ्या गल्लीसमोर सुबरावांकडून वाचून घेणार आहे. आणि त्या दिवशी माग बंद ठेवायचं ठरलंय.